रंगसंगती

अलेक्झांडर ड्यूमा यांची शिस्त अनुकरणीय होती. कादंबरीला निळा कागद, लेखांना गुलाबी, कवितेला पिवळा. इतिहास धुंडाळून कच्चा खर्डा लिहून देणारे ओग्युस्त माके या रंगसंगतीत काही बसेनात. त्यांच्यासाठी पारदर्शक कागदाची सोय असावी. १८४४च्या ‘थ्री मस्केटिअर्स’वर ते दिसत नाहीत, ते बहुधा त्यामुळेच.

पॅरिसबाहेर ड्यूमांनी ‘माँते क्रिस्तो’ नावाचा वाडा बांधला. बागेत लिहिण्यापुरती चिमुकली गढी, आणि तिच्या दगडांवर स्वतःच्याच पुस्तकांची नावं कोरलेली. एवढी नोंद हवीच हो, नाहीतर आपली पुस्तकं कोणती हे लक्षात कसं राहणार?

माके कोर्टात गेले. पैसे मंजूर झाले, नाव नाही. तोवर ड्यूमांचा वाडा कर्जापायी विकला गेला होता. माके वारले १८८८ साली, स्वतःच्या वाड्यात.