अंधार करा, तुरुंग सुरू होतोय

पिंपळ बोलायला लागला तेव्हा भाऊजी वेफर्सचं पाकीट फोडत होते.

स्थळ पोर्ट ब्लेअर. म्हणजे २०२४च्या सप्टेंबरपासून श्री विजयपुरम, पण हे आमच्या रिक्षावाल्याच्या जिभेला अजून वळलेलं नव्हतं आणि आमच्याही. वेळ संध्याकाळची. सेल्युलर जेलच्या अंगणात खुर्च्यांच्या रांगा, समोर तीन मजली कोठड्या आणि कमानींवर आलटून पालटून लाल, निळा, जांभळा उजेड. इथल्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमात तुरुंगाची कहाणी अंगणातला पिंपळ सांगतो. बरीच वर्षं या पिंपळाचा आवाज ओम पुरींचा होता. झाडाला कंठ फुटला तर तो तसाच खरखरीत असणार, याबद्दल मला तरी शंका नाही. तर पिंपळानं आपण काय काय पाहिलं ते सांगायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी चाळीस-पन्नास मोबाइल वर झाले. झाडानं पाहिलेलं आपण पाहायचं नसतं, रेकॉर्ड करायचं असतं.

"घ्या वहिनी," भाऊजींनी पाकीट पुढे केलं. "तासभर तरी चालेल म्हणे. जेवणाचं कसं करायचं?"

भाऊजी म्हणजे आमच्या वन्संचे यजमान. मिरजेत त्यांचा बांधकामाचा धंदा आहे. दोघं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूत राजाजीनगरला आमच्याकडे उतरले, दोन दिवस दोसे खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघं अंदमानच्या विमानात बसलो. कोठड्या आम्ही दिवसाच पाहून घेतल्या होत्या. भाऊजींनी पहिल्याच कोठडीत शिरून पावलांनी माप घेतलं. साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद, मागच्या भिंतीत हात पोचणार नाही इतका वर एक झरोका.

"शंभर स्क्वेअर फूट कार्पेट," ते म्हणाले. "एका माणसाला ऐसपैस."

राजाजीनगरात एवढ्या जागेत तीन आयटीवाली पोरं पीजी म्हणून राहतात आणि डिपॉझिटही देतात, असं मी बोलून गेले. बोलायला नको होतं. तेव्हापासून भाऊजी त्या इमारतीकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. मधोमध टेहळणीचा मनोरा, त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या सात भुजा, आणि एका भुजेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं खपून इंग्रजांनी ही रचना उभी केली ती कैद्याला दुसऱ्या कैद्याचं तोंडही दिसू नये म्हणून.

"प्रायव्हसी," भाऊजी म्हणाले.

सातातल्या तीनच भुजा आता उभ्या आहेत. पाडलेल्या भागात गोविंद वल्लभ पंतांच्या नावाचं रुग्णालय आहे. उरलेल्यात मराठी माणूस एकच कोठडी विचारतो, सावरकरांची, तिसऱ्या मजल्यावरची, टोकाची. तिथे रांग असते. रांगेत पुढच्या गृहस्थांनी सुटकेच्या अर्जांचा विषय काढला, मागच्यांनी आवाज काढला, आणि १९११ ते १९२१ ही वर्षं या भिंतींत कशी गेली असतील, हे त्या वादात कुणाच्याच तोंडून निघालं नाही. वादी-प्रतिवादी दोघांनाही फोटो मात्र आधी हवा होता. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. त्यांची कोठडी कुणी विचारत नव्हतं. नाशिकच्या कटातले वामनराव जोशी इथेच होते, ते तर कुणाला ठाऊकच नव्हते. शेजारून एक बंगाली कुटुंब संगमरवरी पाट्यांवर उल्हासकर दत्तांचं नाव बोटानं शोधत चाललं होतं. काशीला गेल्यावर जसा आपापला पंडा शोधतात, तसा इथे जो तो आपापल्या भाषेचा कैदी शोधतो.

मग कोलू. याला माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल गाळायला लावत आणि वजन कमी भरलं तर शिक्षा. वन्संनी दांड्याला हात लावला. माझा नवरा मोबाइल धरून म्हणाला, "ताई, जरा जोर लावल्यासारखं कर." तिनं केलं. चार फोटो निघाले, त्यातल्या एकात तिचे डोळे मिटले होते म्हणून पाचवा निघाला. बाहेर पडल्यावर भाऊजींनी शहाळेवाल्याशी दहा रुपयांवरून पाव तास घासाघीस केली.

पण संध्याकाळचं खोटं सांगणार नाही. फाशीघराचा प्रसंग आला, सगळे दिवे गेले, एकच लाल झोत उरला, आणि वन्संना हुंदका आवरेना. मलाही. भाऊजींचा वेफर्सवरचा हात थांबला होता. ज्यानं हे लिहिलं आणि ज्यानं दिवे टाकले त्यांनी आपलं काम चोख केलंय. मग पांढऱ्या ट्यूबलाइट लागल्या, लोकांनी रुमाल खिशात घातले आणि फाटकाशी रेटारेटी सुरू झाली. मागून कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, "स्वल्प अड्जस्ट माडी." इतक्या दूर येऊनही आपलं गाव भेटल्यासारखं वाटलं.

रिक्षात वन्सं अजून नाक पुसत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या बेंगळुरूत नाही हो असलं काही. नुसते मॉल."

माहेरचं नव्हे, सासरचं नव्हे, पण पंचवीस वर्षं राहिलेलं गाव. लागलं मला. म्हटलं, "आहे की. आमच्या घरापासून मेट्रोचं चौथं स्टेशन."

आणि मग लक्षात आलं की पंचवीस वर्षांत मी स्वतः आत गेलेले नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी निघालो. राजाजीनगर स्टेशनवरून हिरव्या मेट्रोनं मॅजेस्टिक, तिथून चालत शेषाद्री रोड. आमची वस्ती ज्यांच्या नावाची, त्या राजगोपालाचारींनाही १९२१च्या डिसेंबरात वेल्लोरच्या तुरुंगात जावं लागलं होतं. पुढे ते गव्हर्नर जनरल झाले. वस्तीत हे कुणाला विचारलंत तर नवरंग थिएटरकडे कसं जायचं ते सांगतील.

बेंगळुरूचा मध्यवर्ती तुरुंग १८६७चा, म्हणजे अंदमानपेक्षा वयानं मोठा. मधे टेहळणीचा मनोरा इथेही आहे. कैदी परप्पन अग्रहारच्या नव्या तुरुंगात हलवले (जयललिता आणि शशिकला यांच्यामुळे तो देशभर पोचला), आणि २००८ साली जुन्या जागेचं उद्यान झालं. नाव फ्रीडम पार्क. बराकीत कैद्यांचे पुतळे आहेत, बाहेर बाकडी आहेत, बाकड्यांवर आपापल्या घरून सुटून आलेली जोडपी आहेत. शेजारी शेकडो गाड्यांचं बहुमजली वाहनतळ झालंय. भाऊजींनी तेही पावलांनी मोजलं.

"इथे कोण होतं?" वन्संनी विचारलं. 'आपलं कोण' असं त्यांना म्हणायचं होतं.

आपलं होतं ना. जून १९७५. पक्षांतर कसं थांबवावं याचा कायदा करायचा म्हणून संसदेची संयुक्त समिती बेंगळुरूत बसणार होती. तिच्यासाठी वाजपेयी आले, अडवाणी आले, आमच्या कोकणच्या राजापूरचे खासदार मधू दंडवते आले. २६ तारखेला सकाळी आणीबाणी घेऊन पोलिस आले. पक्षांतराचं राहिलं, समितीचंच स्थलांतर झालं. तो कायदा शेवटी आला १९८५ साली. त्यानं पक्षांतर किती थांबलं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मी राजाजीनगरातून काय सांगणार.

दंडवते इथे, आणि प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. नवरा-बायकोची पत्रं एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात जायची, वाटेत सेन्सॉर. (माझा नवरा एकाच घरातून मला व्हॉट्सॲपवर 'ओके' पाठवतो. सेन्सॉर नाही, काही नाही.) सुटल्यावर १९७७ साली दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर त्यांनी दोन इंची फोम बसवला. तुरुंगातल्या फरशीचा आणि या फोमचा संबंध मी जोडत नव्हते. भाऊजींनी जोडला. "पाठ दुखली असणार बिचाऱ्याची," ते म्हणाले. अख्ख्या सहलीत कैद्याबद्दल काढलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

स्नेहलता रेड्डीही इथेच होत्या. 'संस्कार' या कन्नड चित्रपटातली चंद्री. दम्याची रुग्ण. १९७६च्या मे महिन्यात आणलं, १९७७च्या १५ जानेवारीला पॅरोलवर सोडलं, २० जानेवारीला त्या गेल्या. मी हे सांगितलं तेव्हा ना दिवे गेले, ना लाल झोत पडला. समोर एक गृहस्थ हात गोल फिरवत चालण्याचा व्यायाम करत होते. वन्सं म्हणाल्या, "अगं बाई," आणि पर्समधून रुमाल काढला, पण घाम पुसायला.

इथे पिंपळ बोलत नाही. त्याची गरज उरलेली नाही, कारण बोलायला माणसं येतात. मोर्च्यांनी शहराची वाहतूक तुंबते म्हणून उच्च न्यायालयानं २०२१ साली स्वतःहून दखल घेतली, सरकारनं आदेश काढला, आणि तेव्हापासून बेंगळुरूत निषेध करायचा तर तो फ्रीडम पार्कमध्येच, तोही परवानगी काढून. म्हणजे सरकारविरुद्ध बोललं की १९७५ साली जिथे नेऊन ठेवत, तिथेच आता आपलं आपण जायचं. मधला पोलिसगाडीचा खर्च वाचला. उद्यानाच्या नावातल्या फ्रीडमला कुंपण आहे हे खरं, पण शहराला सिग्नल सुटण्याशी मतलब.

त्या दिवशी अंगणवाडी सेविका बसल्या होत्या. मांडवाखाली शेकडो बायका, हिरव्या-गुलाबी साड्या, एक कर्कश माइक. त्यात अचानक मराठी ऐकू आली. खानापूरकडची एक बाई फडक्यातली भाकरी सोडत शेजारणीला सांगत होती की रात्रभर गाडीत मान अवघडली. आम्ही थबकलो तशी तिनं सरकून जागा केली.

"कुठल्या वो तुम्ही?"

"मिरजेच्या," वन्सं म्हणाल्या.

"मग आमच्याच की वो. एकाच गाडीनं आलो असू." गाडी बहुधा तीच, दिवस आणि डबा वेगळा. तिनं अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वन्संच्या हातावर ठेवली आणि काय चाललंय ते सांगितलं. मुलांची वजनं घ्यायची, पोषण आहार शिजवायचा, गरोदर बायकांची यादी ठेवायची, वर सगळं मोबाइलच्या ॲपमध्ये भरायचं, आणि गावात रेंज नसली की टेकडीवर जाऊन भरायचं. या सगळ्याला पगार म्हणत नाहीत. मानधन म्हणतात. मान आधी, धन मागाहून. हे वाक्य तिचं. तिच्या तोंडून ते बऱ्याच वेळा निघालेलं असावं, कारण शेजारणी हसल्या नाहीत.

"इथे किती दिवस?" मी विचारलं.

"ऐकीपर्यंत." मग ती मनोऱ्याकडे बघून म्हणाली, "जागा चांगली हाय. सावली हाय. पूर्वी जेल होतं म्हणं."

भाऊजींनी चुळबुळ सुरू केली. नवऱ्याला ट्रॅफिक आठवला. अंदमानात तासभर खुर्चीला खिळून बसलेले आम्ही चौघं इथे बारा मिनिटांत उठलो. मी घड्याळ पाहिलं होतं. आवाज फार होता, हे कारण नवऱ्यानं मेट्रोत दिलं. माइकची पट्टी जरा खाली असती आणि मागे सतार असती तर बसलो असतो कदाचित.

निघताना दिवेलागण झाली होती. कॉन्स्टेबल मांडवात शिरला, मनगटावर बोट आपटून दाखवलं, आणि माइक मधल्याच शब्दावर बंद झाला. बायका सतरंज्या झटकायला लागल्या. मनोऱ्यावर उजेड पडला होता, बहुधा रस्त्यावरच्या दिव्याचा. भाऊजींनी मोबाइल काढून फोटो घेतला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या त्याच कॉन्स्टेबलला हिंदीत विचारलं, "अगला शो कितने बजे?"

त्यानं भाऊजींकडे, मग मांडवाकडे पाहिलं. जांभई देत म्हणाला, "नाळे. हत्तु गंटे."

उद्या. दहा वाजता.