पोरांखातर

हा काका प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतोच. पन्नाशी ओलांडलेली, नोकरी बँकेत किंवा बँकेइतक्याच गंभीर ठिकाणी, चेहऱ्यावर कायम कर्ज नामंजूर केल्याचा भाव. पण शुक्रवारी एखादा नवा साहसपट लागला आणि त्यात फाटका नकाशा, घनदाट जंगल किंवा बोलणारं अस्वल आहे असं कळलं, की शनिवारी सकाळी हा माणूस जिन्यात उभा राहून मुलं गोळा करायला लागतो. वर म्हणतो, "मला कसली आलीय आवड! पोरांखातर जायचं."

पोरांना विचारलंत तर ती वेगळंच सांगतील. बी विंगमधल्या दोघांची त्या दिवशी मॅच असते. त्यांना चीज पॉपकॉर्नच्या मोठ्या टबाचं आमिष दाखवून पळवलेलं असतं. काकाचा स्वतःचा मुलगा बंगळुरूत नोकरीला लागला, तेव्हापासून घरचा पुरवठा बंद पडला आहे. कर्जाला जामीनदार लागतो तसं याला तिकिटाच्या खिडकीशी एक लहान मूल लागतं. नाहीतर ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं?

'द जंगल बुक'नं त्याचा हा प्रश्न कायमचा सोडवला. 2016 साली तो सिनेमा आपल्याकडे अमेरिकेच्या आठवडाभर आधी लागला आणि सेन्सॉर बोर्डानं त्याला यू/ए प्रमाणपत्र दिलं. म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा. थ्रीडीतले प्राणी अंगावर येतात, मुलं घाबरतील, अशी बोर्डाला काळजी. मोगलीला मार्गदर्शन कशाला, म्हणून लोक हसले. काका हसला नाही. "सरकारच म्हणतंय ना, सोबत मोठं माणूस पाहिजे," असं म्हणून त्यानं तो आधी हिंदीतून पाहिला, नाना पाटेकरांच्या आवाजातल्या शेरखानसाठी. आणि मग इंग्रजीतून, पोरांचं इंग्रजी सुधारावं म्हणून. शेरखान गुरगुरला तेव्हा मुलं निवांत पॉपकॉर्न चघळत होती आणि मार्गदर्शकानं दोन्ही पाय सीटवर घेतले होते.

हे त्याच्या घराण्यातच असावं. ऐंशीच्या दशकात 'छोटा चेतन' आला, भारतातल्या पहिल्या थ्रीडी सिनेमाचा हिंदी अवतार, तेव्हा याला वडील घेऊन गेले होते. तेही अर्थात पोरांखातर. पडद्यातून काहीतरी अंगावर आलं तेव्हा ते पकडायला पहिला हात वडिलांनीच पुढे केला, असं काका सांगतो. एरवी वडिलांची आठवण सांगताना तो पगार, छडी आणि चारमिनार यांच्यापलीकडे जात नाही.

काकूंना हे कोडं उलगडत नाही. "वयाला शोभेलसं काहीतरी बघा की," म्हणून त्या एखादा पुरस्कार मिळालेला सिनेमा सुचवतात. त्यात एक माणूस नोकरीला कंटाळून खिडकीबाहेर बघत बसलेला असतो. काका म्हणतो, "ते मी दहा ते पाच करतोच."

पण त्याच्या शेजारच्या सीटवर बसून पाहिलंत, तर पोरं आणि तो एकच सिनेमा बघत नाहीत हे ध्यानात येईल. 'जुमांजी' घ्या, 1995 चा, रॉबिन विल्यम्सचा. गेंडे भिंत फोडून घुसतात तिथं पोरं टाळ्या पिटतात. काका वाट बघत असतो ती बुटांच्या कारखान्याची. 1969 साली खेळात ओढला गेलेला पोरगा 26 वर्षांनी दाढी वाढलेला बाप्या होऊन बाहेर येतो, वडिलांना शोधत कारखान्यावर जातो, तर कारखाना बंद. वडिलांनी त्याला शोधण्यात सगळं घालवलेलं. इथं काकाचा रुमाल निघतो. "काका, रडताय?" "छे रे, एसी." मग सावरण्यासाठी तो माहिती देतो: पोराचा बाप आणि त्याच्या मागे लागलेला तो बंदूकवाला शिकारी, दोन्ही कामं एकाच नटानं केलीत, जोनाथन हाइडनं. कुठल्याही पोराला याचं सोयरसुतक नसतं. मला विचाराल तर सिनेमातली सगळ्यात हुशारीची गोष्ट तीच आहे, पण ती कळायला बापाला घाबरून झालेलं असावं लागतं आणि स्वतः बाप होऊनही.

'हुक' मात्र तो थिएटरात नाही, घरी एकटाच लॅपटॉपवर बघतो. स्पीलबर्गचा, 1991 चा. त्यात पीटर पॅन मोठा होऊन वकील झालाय, विमानात बसायला घाबरतो, पोराची बेसबॉलची मॅच चुकवतो आणि आपल्याऐवजी ऑफिसातला एक माणूस कॅमेरा घेऊन पाठवतो. काकूंनी एकदा चहाचा कप ठेवता ठेवता एवढंच म्हटलं, "आपल्या चिरंजीवांच्या गॅदरिंगला तुमचं इन्स्पेक्शन होतं नाही का?" काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "मी तर कॅमेरासुद्धा पाठवला नव्हता."

यंदा बी विंगमधले दोघे दहावीला. बाकीच्यांना मोबाइल पुरतो. तेव्हा गेल्या शनिवारी काकानं तिसऱ्या मजल्यावरची अडीच वर्षांची चिमुरडी पळवली. संध्याकाळी तिची आई न्यायला आली.

"काका, ही तर जाहिरातीतच झोपली म्हणे?"

"अगं, कानावर पडतंच ना. अभिमन्यू तर आईच्या पोटातून ऐकत होता."

"हो, आणि बाहेर पडायचं तेवढं ऐकायचं राहिलं त्याचं!"

"तेच म्हणतोय मी," काका कर्जाची फाइल तपासावी तशा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "ते दुसऱ्या भागात असतं. पुढच्या शनिवारी लागतोय. साडेदहाला तयार ठेव हिला."