मूठभर दाण्यांचा फ्लश

पोकरमध्ये हातात इस्पिकची दोन पानं आली की प्रस्तुत लेखकांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. सत्ती-अठ्ठी असली तरी चालते. आपण स्मॉल ब्लाइंडला बसलोय, म्हणजे फ्लॉपनंतर (टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर) दर फेरीत सगळ्यांच्या आधी तोंड उघडायची पाळी आपलीच, हा तपशील त्यांना किरकोळ वाटतो. गणित पाठ आहे ना! फ्लॉपवर आणखी दोन इस्पिक पडल्या की न दिसलेली पानं ४७, त्यांत इस्पिक ९. उरलेल्या दोन पानांत फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. काशीमीऱ्यातल्या सोसायटीच्या शनिवारच्या टेबलावर हे ते मोठ्याने सांगतात. त्यामुळे हातात काय आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

उजव्या हाताला शेजारचे काका. लेखकांनी ‘चेक’ म्हणायचं, काकांनी चष्मा पुसत पुसत वीस दाणे पुढे सरकवायचे. पॉटमध्ये आधीचे चाळीस. म्हणजे साठ मिळवायला वीस घालायचे. चारांत एकदा तरी जिंकलं पाहिजे. पुढच्या एका पानावर इस्पिक येण्याची शक्यता मात्र १९ टक्के. ते ३५ टक्के दोन्ही पानांचे मिळून होते, आणि दुसऱ्या पानाचं भाडं काका वेगळं घेतात. हीच पानं शेवटी बोलणाऱ्या काकांकडे असती, तर सगळ्यांचं ‘चेक’ ऐकून त्यांनी पुढचं पान फुकटात पाहिलं असतं.

बरं, इस्पिक आलीच! लेखक दाणे सरकवतात, काका टेबलावरच्या तीन इस्पिकांकडे बघून पॅक करतात. लेखकांनी चेक केलं तर काकाही चेक. भाईंदरकडून काशीमीरा नाक्यावर येऊन हायवेला लागणाऱ्या स्कूटरवाल्याला विचारा: आधी चाक पुढे काढलं की ट्रेलरवाल्याला तुमचा बेत कळतो, त्याचा तुम्हाला नाही.

पैशांऐवजी दाणेच का, हे सांगायला हवं. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा असला तरी म्हातारा झालेला नाही. सुरुवातीला खारे दाणे होते; दहा वाजेपर्यंत पॉटच फस्त व्हायचा. मग राजमा आला. आकार एकसारखा, टेबलावर पडताना आवाज भारदस्त. पण लेखकांच्या सौभाग्यवतींनी तो भिजत घातला आणि रविवारी सगळ्यांची शिल्लक भातावर वाढली. वाटाणे सोफ्याखाली घरंगळले. शेवटी कच्चे शेंगदाणे टिकले, तरी फुटलेल्या दाण्याची किंमत अर्धी धरायची की पूर्ण, यावर एक अख्खी बैठक गेली. काकांचं मत: साल शाबूत तर पूर्ण.

मधली दोन वर्षं एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसणारा दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा फोनवर खऱ्या पैशांनी खेळू लागला होता. ३५ टक्के त्यालाही पाठ होते. तिथे पिसायला वेळ लागत नाही, एका वेळी चार टेबलं उघडता येतात, आणि ‘पुरे झालं, झोपा आता’ म्हणणारं कुणी नसतं. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तोवर त्याच्या आईची एफडी मोडून झाली होती. जाहिरातीतले ते हसरे चेहरे आणि शेवटी एका दमात उरकलेली ‘जबाबदारीने खेळा’ची सूचना आठवली, की लेखकांना विनोद सुचत नाही.

आता पोरगा पुन्हा येतो. काका त्याला न मोजता दाणे देतात.

परवा स्मॉल ब्लाइंडला तो होता. पुढून कुणीतरी रेज केलं, त्याने निमूट पॅक केलं आणि डाव संपल्यावर पानं उलटून दाखवली. इस्पिकची नव्वी आणि दश्शी.

‘‘दश्शी-नव्वी!’’ प्रस्तुत लेखक खुर्चीतून अर्धे उठले. ‘‘आणि टाकलीस?’’