मत श्रावणातले की मार्गशीर्षातले?

मँडोलिन हे इटलीतील नेपल्स शहरात अठराव्या शतकात आजच्या रूपाजवळ आलेले, ८ तारांचे आणि ४ स्वरांचे वाद्य असून, या दोन आकड्यांतील तफावतीतच त्याच्या मालकाच्या पुढील आयुष्याचा बहुतेक वृत्तान्त सामावलेला असतो. ८ तारा ४ जोड्यांत बांधलेल्या असतात, प्रत्येक जोडीतील दोन्ही तारा एकाच स्वरात लावायच्या असतात, आणि दोन तारांना एका स्वरावर आणणे हे दोन सख्ख्या भावांना एका बांधावर एकमत करायला लावण्याइतकेच सोपे असते. या जोड्या व्हायोलिनप्रमाणे षड्ज-पंचमाच्या अंतराने चढत जातात. तार छेडल्यावर तिचा नाद फार वेळ टिकत नाही, म्हणून वादक पिक नावाच्या लहानशा चिपेने खालीवर भराभर आघात करून तो टिकल्याचा आभास निर्माण करतो. अल्पजीवी गोष्ट टिकाऊ भासवण्याची ही कला प्रथम वादनात उतरते आणि पुढे, वाद्य विकायची वेळ आली की, मालकाच्या बोलण्यात.

या लेखाचा विषय मँडोलिन नसून स्वस्त व हाती बनवलेल्या मँडोलिनविषयी त्याच्या मालकांची मते हा आहे, आणि त्यातील दोन्ही विशेषणांचा खुलासा आधी व्हायला हवा. स्वस्त म्हणजे ज्याची किंमत चार आकड्यांत मावते आणि जे घरी आणल्यावर पत्नीला किंवा वडिलांना ती किंमत तीन आकड्यांत सांगता येते, असे वाद्य. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील गिब्सन कारखान्याचे, १९२२ ते १९२४ या काळात लॉइड लोअर यांची सही घेऊन बाहेर पडलेले एफ-५ हे मँडोलिन आहे, ज्याची आजची किंमत कोटभर रुपयांच्या घरात जाते. परंतु त्याच्या मालकांना मत नसते, विमा असतो. ‘हाती बनवलेले’ या शब्दाचा अर्थ मात्र किमतीनुसार बदलतो, कारण महागड्या वाद्यात कारागिराचा हात यंत्राला बाजूला सारून येतो, तर स्वस्त वाद्यात यंत्र परवडले नाही म्हणून तो तिथे राहिलेला असतो. दोन्ही मालक वाक्य मात्र एकच उच्चारतात.

अशा मतांचा अभ्यास गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा या चौकाच्या गावावरून करण्याचे कारण भौगोलिक आहे. भारतात माफक किमतीची तंतुवाद्ये जिथे मोठ्या प्रमाणात घडतात व विकली जातात त्या ठिकाणांत कोलकाता हे एक प्रमुख नाव असून, तेथील लालबाजार परिसरात रवींद्र सरणीवर वाद्यांची दुकाने ओळीने उभी आहेत. तेथून निघालेला माल रेल्वेने मुंबईकडे गेला तर गोंदिया जंक्शनवरून जातो, आणि ट्रकने गेला तर पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ व आता ५३ म्हटल्या जाणाऱ्या रस्त्याने, देवरी ओलांडून, कोहमाऱ्याच्या चौकातून साकोलीकडे जातो. म्हणजे कोलकात्याचे मँडोलिन कोणत्याही मार्गाने गेले तरी या जिल्ह्याला टाळू शकत नाही. ते इथे उतरत नाही, एवढेच. या महामार्गाचे जिल्ह्याला इतके अप्रूप की अर्जुनी नावाच्या इथल्या दोन गावांपैकी एकीने मोरगावची सोबत धरली आणि दुसरीने आपल्या नावामागे थेट ‘सडक’च लावून घेतली.

चुकून एखादे मँडोलिन उतरलेच, तर त्याला प्रथम नावासाठी झगडावे लागते. झाडीपट्टीला, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानपिकाच्या पट्ट्याला, वाद्यांचे वावडे मुळीच नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, वडसा येथील मंडळ्या रात्ररात्रभर नाटके करतात, त्यांत ऑर्गन आणि तबला जागरण करतात, आणि ज्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तिला संगीताचा कान नाही असे कोण म्हणेल? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील भजनी मंडळांत खंजिरी तर घरच्यासारखीच असते. या सर्वांत मँडोलिनला मात्र जागा नेमून दिलेली नसल्याने लोक त्याला ‘छोटी गिटार’ म्हणतात, आणि जाणकार लोक ‘बेंजो’ म्हणतात. जाणकारांची ही चूक अधिक थोर आहे, कारण महाराष्ट्रातील मिरवणुकांत ज्याला बेंजो म्हणतात तो मुळात बेंजो नसतोच. ते बुलबुलतरंग असते, म्हणजे १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी काढलेल्या, टंकलेखन यंत्रासारखी बटणे असलेल्या ‘तैशोगोतो’ या वाद्याचा भारतीय वंशज. जे बेंजो नाही त्याच्या नावाने जे तेही नाही त्याला हाक मारली जाते, आणि मालक काही काळ दुरुस्ती करून अखेर त्या नावाला ओ देऊ लागतो.

ज्यांना नाव ठाऊक असते त्यांना ते १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटामुळे, ज्यात नायक पिवळ्या सरसोच्या शेतात हे वाद्य घेऊन उभा राहतो. कोहमाऱ्याच्या परिसरात सरसोच्या जागी धानाची बांधी घ्यावी लागते, आणि रोवणीच्या दिवसांत बांधीत उभे राहून मँडोलिन वाजवायचे ठरवल्यास नायकाचे दोन्ही पाय पोटरीपर्यंत चिखलात रुततात, त्यामुळे नायिका धावत आली तरी त्याला पुढे सरकता येत नाही.

आता मुख्य सिद्धान्ताकडे वळता येईल. स्वस्त मँडोलिनविषयीचे प्रत्येक मत हे वस्तुतः हवामानाविषयीचे मत असते, आणि ते ज्या महिन्यात व्यक्त झाले तो महिना कळल्याखेरीज त्याला काडीची किंमत देऊ नये, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह आहे. याचे कारण लाकडात आहे. नेपल्समध्ये मँडोलिन आकाराला येत होते त्याच शतकात कोहमाऱ्याच्या दक्षिणेस नवेगाव येथे कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधोमध बांध घालून विस्तीर्ण तलाव केल्याचे सांगितले जाते. या दोन निर्मात्यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती, पण एकाच्या तलावाची वाफ आज दुसऱ्याच्या वाद्यात शिरते. तलावांचा हा मुलूख पावसाळ्यात ओथंबलेला असतो आणि वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. पुरेसे वाळवलेले लाकूड हा सारा छळ मुकाट्याने सोसते. मिरजेचे सतारमेकर, ज्यांच्या सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भोपळा आणि लाकूड सुकवण्यात घाई करत नाहीत ते याचसाठी. स्वस्त वाद्याच्या किमतीत जी पहिली गोष्ट वजा झालेली असते ती म्हणजे हे वाळण्याचे दिवस. आणि ते दिवस मग लाकूड मालकाच्या घरी, मालकाच्या डोळ्यांदेखत, भरून काढते.

श्रावणात तबली, म्हणजे वाद्याच्या पुढच्या अंगाची पातळ फळी, ओल धरून फुगते व वर येते, तिच्यावरची घोडी तिच्याबरोबर उंचावते, तारा पडद्यांपासून दूर जातात, आणि त्या दाबताना बोटांना असे घट्टे पडतात की मालकाने मँडोलिन घेतले की नांगर, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा. या महिन्यातले मत असे असते: ‘वाद्य कडक आहे.’ वैशाखात तीच तबली सुकून खाली बसते, तारा पडद्यांना घासून चरचरतात, दांडीवरची पट्टी आकसते पण पितळी पडदे आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोके कडेने बाहेर येतात आणि हात वर सरकवताना बोरीच्या झुडपातून हात घातल्याचा अनुभव येतो. या महिन्यातले मत: ‘वाद्य बोलके आहे, पण चावते.’ कार्तिकापासून माघापर्यंत हवा कोरडी पण सौम्य असते, तबली शहाण्यासारखी वागते, मंडईच्या निमित्ताने पाहुणे आलेले असतात, आणि त्यांच्यापुढे मालक जे मत मांडतो ते इतके अनुकूल असते की वाद्य स्वतः लाजावे. एकाच माणसाची एकाच वस्तूविषयीची ही तीन मते परस्परविरोधी ठरवून त्याला खोटारडा म्हणणारे लोक पंचांग पाहत नाहीत.

घोडीचा विषय निघालाच आहे तर येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभी असते. ही गोष्ट नव्या मालकाला कोणी सांगत नाही. तो पहिल्या दिवाळीला घराबरोबर वाद्यही स्वच्छ करायचे ठरवतो, आठही तारा एकदम सैल करतो, घोडी टपकन मांडीवर पडते, आणि ती नेमकी कुठे होती याविषयी घरातील प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र मत निघते. खरे उत्तर साध्या मोजणीत आहे: दांडीच्या टोकाला ज्या खाचांतून तारा जातात त्या अटीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, जवळपास तेवढेच अंतर बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत हवे, कारण तिथेच तारेचे दोन समान भाग पडून वरचा षड्ज सापडतो. ही मोजणी न करता घोडी अंदाजाने उभी केली की मोकळी तार सुरात आणि दाबलेली तार बेसूर, अशी अवस्था येते, आणि त्यातून ‘कोलकात्याच्या मालात आता पूर्वीसारखे राहिले नाही’ हे मत जन्म घेते. कोलकात्याने यासाठी काही केलेले नसते.

मालकांच्या भाषेचाही विचार व्हायला हवा, आणि त्यात ‘त्या पैशात’ हा प्रयोग सर्वात अभ्यसनीय आहे. व्याकरणदृष्ट्या ते क्रियाविशेषण दिसत असले तरी त्याचे काम औषधाबरोबर दिल्या जाणाऱ्या मधासारखे असते. ‘आवाज बरा आहे’ ही तक्रार असते, ‘त्या पैशात आवाज बरा आहे’ ही शिफारस असते. झाडीबोलीत हेच मत अधिक स्पष्ट होते: ‘वाजते ना बाप्पा, अखीन का पायजे?’ या वाक्यापुढे युरोपातील साऱ्या नादशास्त्राने मान तुकवावी, कारण वाद्याकडून वाजण्यापलीकडे काय हवे याचे उत्तर नादशास्त्रालाही ४ वाक्यांत देता येणार नाही.

दुसरे लाडके मत म्हणजे ‘वाजवता वाजवता आवाज मोकळा होईल’. धानाच्या मुलखात ते विनातक्रार पटते, कारण इथे प्रत्येकाला ठाऊक असते की नवा तांदूळ चिकट होतो व जुना मोकळा शिजतो. फरक एवढाच की तांदूळ कोठीत नुसता पडून राहिला तरी जुना होतो, तर मँडोलिनच्या बाबतीत या वाक्याचा पूर्वार्ध, म्हणजे ‘वाजवता वाजवता’ हा भाग, कोणी तरी पार पाडावा लागतो.

थोरामोठ्यांचे दाखले देण्याची प्रथाही आहे. ‘संगदिल’ आणि ‘रुस्तम सोहराब’चे संगीतकार सज्जाद हुसेन मँडोलिनवर शास्त्रीय संगीत वाजवत, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर यांची सुरुवातच मँडोलिनवादक म्हणून झाली, हे मालक आवर्जून सांगतात, व त्या युक्तिवादात हात त्यांचे आणि वाद्य आपले असे गृहीत धरलेले असते. दक्षिणेतील उप्पलपु श्रीनिवास (१९६९–२०१४) यांचे नाव मात्र एका ठरावीक प्रसंगीच निघते. त्यांनी कर्नाटक संगीतासाठी विजेवर चालणारे मँडोलिन घेऊन जोडतारांऐवजी एकेरी तारा लावल्या होत्या. आणि ज्या मालकाची सर्वात बारीक जोडीतील एक तार तुटली आहे व दुसरी आणायला गोंदियाची बस धरावी लागणार आहे, तो त्या दिवसापासून श्रीनिवासांचा अनुयायी होतो. हळूहळू प्रत्येक जोडीतील एकेक तार जाते, अनुयायित्व पूर्ण होते, आणि भावांच्या बांधाचा तंटाही मिटतो.

राहिले विक्रीच्या वेळचे मत. ‘फारसे वाजवलेले नाही जी, नव्यासारखेच आहे,’ असे मालक सांगतो, आणि स्वस्त मँडोलिनच्या संपूर्ण इतिहासात इतके खरे वाक्य दुसरे सापडणार नाही. हे वाक्य बहुधा मार्गशीर्षात उच्चारले जाते, याची कारणे वर आलीच आहेत. म्हणून घेणाऱ्याने मार्गशीर्षातले आमंत्रण आदराने पुढे ढकलून भर श्रावणात कोहमाऱ्याला जावे, सोबत सर्वात बारीक तार जास्तीची न्यावी, आणि बाराव्या पडद्यावर आठही तारा ऐकून झाल्याखेरीज चहाला हात लावू नये. एकदा मालकाच्या घरचा चहा घेतला की त्या मुलखात कोणाला नाही म्हणता येत नाही.