काकाजी कॉम्प्युटर इकतात

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत हे काकाजी सापडतात. दारव्ह्याला असले तर तहसिलीतून निवृत्त, पुसदला असले तर शाळेतून. एमएस-सीआयटी मात्र सगळ्यांची झालेली, कारण ती केल्याशिवाय वेतनवाढ सुटत नव्हती. 2001 साली निघालेल्या या परीक्षेने महाराष्ट्र किती संगणकसाक्षर झाला ते सरकार जाणे. काकाजींना मात्र जन्मभर पुरेल एवढा आत्मविश्वास मिळाला. "मले कायले शिकवतं? माह्यापाशी सर्टिफिकेट हाये!"

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. काकाजींच्या मशीनवर विंडोज 11 चढेना. तेव्हा त्यांनी तो कॉम्प्युटर विकायला काढला आणि साफसफाईला बसले. ही साफसफाई बघण्यासारखी असते. सीपीयूवरचं दसऱ्याचं हळदकुंकू ओल्या फडक्याने पुसलं जातं. कीबोर्ड उलटा करून झटकला की दहा वर्षांचा चिवडा बाहेर पडतो. बैल विकताना गळ्यातली घुंगरमाळ काढून ठेवावी, तसं काकूंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर घडी करून कपाटात जातं. शेतकऱ्याचंच रक्त. आपलं काय आणि गिऱ्हाइकाचं काय, हे त्यांना बरोबर कळतं. फक्त दिसणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत.

मग आतली सफाई. ती अर्ध्या मिनिटात होते. डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन ओढून रिसायकल बिनमध्ये. "गूगल काढून टाकलं, फेसबुक काढून टाकलं. आता काई रायलं नाई." आयकॉन गेल्याने क्रोम जात नाही आणि क्रोमच्या पोटातलं जीमेलचं खातं तर मुळीच जात नाही. विजेच्या बिलापासून पेन्शनपर्यंतचे पासवर्ड 'सेव्ह करू का?' विचारल्यावर काकाजींनी दरवेळी मोठ्या मनाने 'हो' म्हटलेलं असतं, तेही तिथेच राहतात. खरं तर सेटिंगमध्ये रिकव्हरीत जाऊन 'रीसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग', एवढंच काम होतं. पण त्या परीक्षेत हे विचारलं नव्हतं. काकाजी कापसाचे व्यापारी असते तर टॅलीचं लायसन्स सरेंडर करायला बरोबर आठवलं असतं, कारण ते केल्याशिवाय नव्या मशीनवर टॅली सुरू होत नाही. ज्यात पैसे गुंतले ते माणूस विसरत नाही.

गिऱ्हाईक म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारा दिग्रसकडचा पोट्टा. बिचारा सरळ. त्याने कॉम्प्युटर घरी नेला, क्रोम शोधून काढलं आणि काकाजींच्याच खात्यातून अभ्यासाला लागला. खातं एक, माणसं दोन. चार दिवसांत काकाजींच्या मोबाइलवर 1600 मीटर धावण्याची पद्धत, गोळाफेकीतल्या चुका आणि छाती फुगवण्याचे व्यायाम येऊ लागले. तिकडे पोट्ट्याला पहाटे मैदानावर निघायच्या आधी यूट्यूब गुडघेदुखीवरचे घरगुती उपाय, तुरीचे भाव आणि भागवत सप्ताह दाखवू लागलं.

काकूंनी मोबाइल पाहिला. "काहो, या वयात धावून कुठं जाता?"

काकाजींची इथे खरी पंचाईत झाली आणि इथेच त्यांची प्रतिभाही चमकली. "माह्यं नाई ते. कॉम्प्युटर घेतला ना, त्या पोट्ट्याचं हाये." काकूंना ते पटलं. पटलं हे पाहून काकाजी जरा थांबले. कारण पाहिलेल्या व्हिडिओंच्या यादीत रात्री दीड वाजताच्या लावण्याही होत्या, आणि दीड वाजता दिग्रसचा पोट्टा गाढ झोपलेला असतो. "हेही त्याचंच?" "त्याचंच ना बापा! आजकालची पोट्टी!"

आता पुतण्या सुटीत आला की सांगतो, काकाजी, आपल्या मोबाइलवरूनच ते खातं तिथून बाहेर काढता येतं. गूगलच्या खात्यात 'सुरक्षा', तिथे 'तुमची डिव्हाइस', त्यात जुना कॉम्प्युटर निवडायचा आणि साइन आउट करायचं. मग पासवर्ड बदलायचा. बँकेचाही बदलायचा. व्हॉट्सॲप त्यावर जोडलं असेल तर 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून तेही तोडायचं. काकाजी सगळं शांतपणे ऐकून घेतात. बँकेचा पासवर्ड तेवढा बदलून घेतात. गूगलचं नाव निघालं की म्हणतात, "राहू दे. गरिबाचं पोट्टं हाये, अभ्यास करून रायलं. त्याले कायले तरास?"

तेव्हा यवतमाळात जुना कॉम्प्युटर घेत असाल तर पैसे मोजायच्या आधी दुकानातच, नाहीतर विकणाऱ्याच्या ओसरीवर बसून, तो रीसेट करून घ्या. काकाजी स्वतःहून करणार नाहीत.