तुरीतला घोडा

आमच्या पुण्याच्या मित्राला रानघोड्यांचे फोटो काढायचे होते. सुरुवात मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की घोड्यांपासून झाली. विमानाचं तिकीट पाहिल्यावर गाडी आसामच्या दिब्रू-सैखोव्यातल्या मोकाट घोड्यांवर आली, तिथून कच्छच्या रणातल्या रानगाढवांवर, आणि शेवटी वणी तालुक्यातल्या राजूरला येऊन थांबली. कारण राजूरला माझी सासुरवाडी आहे, म्हणजे राहणं-जेवणं फुकट.

"घोडे नाहीत, पण रोही पाहिजे तेवढे," मी म्हणालो.

"नीलगाय? चालेल. मागून घोड्यासारखीच दिसते."

नागपूरहून निघालेले कॅमेरेवाले वरोऱ्याला चहा पिऊन ताडोब्याकडे वळतात. आम्ही वणीकडे वळतोय हे ऐकून टपरीवरच्या एकानं मित्राच्या भल्याथोरल्या लेन्सकडे पाहिलं आणि हळहळून दुसरं बिस्किट पुढे केलं.

राजूरला सगळे राजूर कॉलरी म्हणतात. एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या. त्यामुळे पांढरा शर्ट काळा होतो आणि काळा पांढरा. मित्र निसर्गात मिसळून जावं म्हणून लष्करी ठिपक्यांचे कपडे घालून उतरला. तो इतका मिसळला, की गावातली पोरं "मिलिटरी आली, मिलिटरी आली" करत थेट घरापर्यंत पोचवायला आली.

चुलतसासऱ्यांना, म्हणजे काकाजींना, या मोहिमेचं प्रयोजनच कळेना. "थ्याचा फोटो कायले काढता जवाईबापू? थो आमच्या घरचाच झाला हाय. रोज जेवाले येते."

हे खरंच होतं. याच जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा 'वॉकर' वाघ २०१९ मध्ये गळ्यात कॉलर घालून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला, तर त्याची केवढी बातमी झाली. रोही रोज रात्री तूर खाऊन परत जातो, त्याची बातमी फक्त काकाजींना असते. थंडीच्या दिवसांत ते जागलीला असतात: माळ्यावर घोंगडी, टॉर्च आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. शेताभोवती घरातल्या जुन्या साड्या बांधलेल्या. माझ्या लग्नातली एक मी लगेच ओळखली.

पहाटे आम्ही माळ्याखाली दबा धरून बसलो. मित्रानं काकाजींना खुणेनं बजावलं, डबा वाजवायचा नाही.

उजाडता उजाडता तूर हलली आणि नर बाहेर आला. निळसर राखाडी अंग, मानेवर आखूड आयाळ, गळ्याखाली केसांचा झुपका, खुरांच्या वर पांढरे पट्टे. खांद्याला उंच, मागे उतरता. घोड्याच्या अंगावर शिंगं मात्र बकऱ्याची, जेमतेम वीतभर. त्यानं शेंगांनी लगडलेली एक फांदी तोंडात धरली आणि सावकाश, घरच्यासारखी, ओरबाडून घेतली. मित्राचा श्वास थांबला. कॅमेऱ्याचा फोकस मात्र पुढच्या तुरीवर बसला होता, तो हलेना.

रोह्यानं दुसरी फांदी धरली. काकाजींनी पाहुण्यांचा मान दोन फांद्यांपुरताच ठेवला. तिसरीला त्यांनी डबा असा बडवला, की मित्र लेन्ससकट धुऱ्यावर आडवा झाला. रोही टापा टाकत सुटला, अगदी घोड्यासारखा. थोडं लांब जाऊन थांबला आणि मान वळवून बघू लागला. हा त्यांचा स्वभावच. तेवढ्यात मित्रानं पालथ्या अवस्थेत बटण दाबलं. फोटो आला. त्यात घोडा होता, शिंगं एका साडीच्या पदराआड गेली होती.

"जमलं!" मित्र ओरडला.

"मंग आता आमचंबी काढा," काकाजी माळ्यावरून उतरत म्हणाले. मित्रानं खूश होऊन लेन्स त्यांच्या चेहऱ्याकडे वळवली.

"माह्यं थोबाड नोका काढू बाप्पा. हे काढा." त्यांनी मोडलेलं झाड सरळ धरलं. "नुकसानीचा अर्ज द्याचा हाय. वनखात्याले फोटो लागते."

मग ती महागडी लेन्स बदलावी लागली, कारण तिच्यातून हातभर अंतरावरची तूर दिसत नव्हती. पुढचा तासभर मित्र सरीसरीनं ओणवा होऊन अर्धवट खाल्लेल्या शेंगा, खुरांचे ठसे आणि लेंड्यांचा ढीग टिपत होता, आणि मागून काकाजी सांगत होते, "थो धुऱ्यावरचा दगडबी येऊ द्या. नाईतर साहेब म्हणन, वावर दुसऱ्याचं हाय."