झटपट गुण

उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये नेहरू चौकाच्या आसपास कुठल्याही दवाखान्यात डोकवा. भिंतीवरचं कॅलेंडर औषध कंपनीचं, डॉक्टरांच्या हातातलं पेनही तिचंच. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फर्मान काढलं: चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहा, कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांना जाऊ नका. इंडियन मेडिकल असोसिएशन खडबडून उठली आणि थेट आरोग्यमंत्र्यांच्या दारी धावली. (जेनेरिकच्या दर्जाबद्दलची तिची शंका अगदीच पोकळ नव्हती म्हणा.) २३ तारखेला नियम स्थगित! एवढा झटपट गुण अँटिबायोटिकनेही येत नाही. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात केंद्राच्या ८९,१५५ कोटींच्या आरोग्य तरतुदीतून संशोधनाच्या वाट्याला आले २,९८० कोटी. तो वाटा वाढवा म्हणून कुणी मंत्र्यांच्या दारी असं धावल्याचं ऐकिवात नाही. बरोबरच आहे, संशोधन कुणाला सहकुटुंब बँकॉकला नेत नाही.